जोर्नाता

आधी हात धू, वान्नी. मग विचार काय ते.
चुन्याला घाम चालत नाही.
दोन हिवाळे खड्ड्यात विरत पडलाय तो,
तुझ्याहून जास्त धीर आहे त्याला.

आज आपल्याला एवढंच लिंपायचंय :
देवदूताचा डावा पंख, खांदा, कोपरापर्यंतचा हात.
याला म्हणतात जोर्नाता. एक दिवस.
पण हा दिवस गुब्बिओच्या घंटेवर मोजत नाहीत.
गिलावा ओला आहे तोवर
माएस्त्रो लापोचा कुंचला पोचेल तेवढी भिंत,
तेवढाच दिवस.
उरलं ते संध्याकाळी थापीनं तिरकं कापून खाली पाडायचं.
आभाळाची जागा असली तर ऐसपैस चढव.
चेहरा असला तर तळहाताएवढं.
चेहऱ्याला दिवस कधी पुरत नाही.

खालचा खरबरीत थर बघ, अरिच्चो.
त्यावर लाल मातीनं, सिनोपियानं,
माएस्त्रो सगळी भिंत आधी रेखून ठेवतो,
कुणी बघत नसल्यासारखा.
त्याच्या हातची सगळ्यात मोकळी रेघ तीच.
आणि रोज सकाळी मी येतो नि ती पुरतो.
पुरणाऱ्याला मजुरी रोजच्या रोज,
चितारणाऱ्याला भिंत संपल्यावर,
तीही देणाऱ्याची आठवण शाबूत असली तर.

निळा ओल्यात लावू देऊ नकोस कुणाला.
तो वाळल्यावर, आ सेक्को, सरस घालून.
करारात त्याचे पैसे औंसावर वेगळे लिहिलेत,
आणि सगळ्यात आधी गळणार तोच.
देवाच्या आईचा झगा उघडा पडेल
तेव्हा आपण दोघं नसू, बरंच आहे.

अंडी? ती वेदीवरच्या फळीसाठी.
मोना पिएराच्या अंगणातल्या कोंबडीचं फिकं बलक कोवळ्या गालांना,
रानात चरणारीचं तांबूस, म्हाताऱ्या संतांना.
गाल कुणाचेही असोत, त्यांच्याखाली हिरवट वेर्दाच्चो असतोच.
लाली झिजली की माणूस तसाच दिसतो,
तापातून उठल्यासारखा.

वरच्या माळ्यावर, तिसऱ्या फळीपाशी,
बाळाचं पाणी कोमट आहे का ते कोपरानं बघणारी दाई आहे ना,
तिची गोष्ट सांगतो. कुणाला बोलू नकोस.

सिनोपियात ती नूता होती.
माएस्त्रोची मुलगी. मागच्या शरदात साथीत गेली.
पुढचा दात अर्धा तुटलेला,
रुमालाची गाठ कानामागे, तिची नेहमीची.
मी थापी उचलली आणि हात तसाच राहिला.
खाली माएस्त्रो कागद उलगडत होता :
लोकरवाल्या व्यापाऱ्याच्या बायकोचा चेहरा,
रेघेरेघेवर सुईनं टोचलेला.
पैसे त्यांचे, दाई त्यांची.

म्हटलं, आजचा दिवस राहू दे?
तो म्हणाला, चुना कालवलाय ना?
मग.

चढवला मी. कपाळ, डोळे,
दाताशी जरा थांबलो.
मग त्यानं कागद धरला,
कोळशाच्या पुडीनं टपटप स्पोल्वेरो केला,
आणि ओल्या भिंतीवर ठिपक्याठिपक्यांनी
एक धष्टपुष्ट बाई उगवली.
दिवेलागणीपर्यंत त्यानं तिला रंगवलं. छान रंगवलं.
एकदाही मान वळवली नाही.

आता वर जा कधी, ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आडवं येतं तेव्हा.
सगळ्या दिवसांचे सांधे दिसतात,
कुठला कुठे संपला, कुठला घाईत.
त्या दाईच्या ओठांवर एक बारीक खळगा आहे.
तिथं थापी दाबली गेली नाही.
बघणारा म्हणेल, गिलावेवाला कच्चा होता.
म्हणू दे.

पाणी आण, वान्नी. पंख वाळायला लागलाय.